झटक्याच्या वेळी ‘पायातूनच करा’ असा हट्ट का धरू नये

हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाची अँजिओप्लास्टी, म्हणजे धमनीतून बारीक नळी घालून हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडणे, मनगटातून करू देऊ नका, पायातून म्हणजे जांघेतूनच करायला सांगा, कारण मनगटातून केल्यास त्यात मोलाचा वेळ जातो, हात कायमचा अधू होतो आणि रुग्णालयाला केवळ खाट लवकर रिकामी करायची असते, असा मजकूर सर्वत्र फिरत आहे. संमतीपत्रावर सही करतानाच नातेवाइकांनी त्यावर विश्वास ठेवला, तर त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागेल.

आधी वेळेचा मुद्दा. मनगटाची धमनी बारीक असते, कधी ती आखडते आणि मार्ग बदलावा लागतो, हे खरेच आहे. या दोन मार्गांची तुलना करणाऱ्या २०११ च्या ‘रायव्हल’ चाचणीत मनगटातून सुरुवात केलेल्या ७.६ टक्के रुग्णांत तसे करावे लागले, तर जांघेतून सुरुवात केलेल्या २ टक्के रुग्णांत. मात्र डॉक्टरांचा हात सरावलेला असेल, तर एकूण वेळेत पडणारा फरक थोड्याच मिनिटांचा असतो.

या मजकुरात रक्तस्रावाचा उल्लेखच नाही, आणि माझा मुख्य आक्षेप तोच आहे. झटक्याच्या रुग्णाला ॲस्पिरिन, टिकाग्रेलॉर, हेपारिन अशी रक्त गोठू न देणारी औषधे एकापाठोपाठ एक दिलेली असतात. अशा वेळी जांघेतल्या धमनीचे छिद्र नीट मिटले नाही, तर रक्त पोटामागच्या जागेत साचत जाते, बाहेर थेंबही दिसत नाही, आणि कंबर दुखून रक्तदाब घसरू लागल्यावर शंका येते. मनगटाची धमनी कातडीखाली, हाडावर टेकलेली असते. अंगठ्याने दाबली तरी रक्त थांबते. इटलीतील १००१ रुग्णांच्या चाचणीत तीस दिवसांतील हृदयविकाराने झालेले मृत्यू जांघेच्या गटात ९.२ टक्के, तर मनगटाच्या गटात ५.२ टक्के होते. कॅनडातील २०२० च्या चाचणीत मृत्युदरात फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे. पण त्यातही मनगटामुळे मृत्यू वाढल्याचे दिसले नाही.

हात अधू होण्याची भीतीही अवाजवी आहे. पंजाला दोन धमन्या रक्त पुरवतात आणि तळहातात त्या जोडलेल्या असतात, त्यामुळे एक बंद झाली तरी बहुतेकांना ते कळतही नाही. ती बंद पडू नये म्हणून मनगटावरच्या पारदर्शक पट्ट्यात सिरिंजने हवा भरून, रक्त थांबेल पण धमनीतला प्रवाह चालू राहील इतकाच दाब ठेवतात आणि हळूहळू हवा काढतात. हात टणक होऊन ठणकू लागला, तर मात्र लगेच सांगावे.

रुग्ण लवकर घरी जातो यात गैर काय? धाप लागलेल्या म्हाताऱ्या माणसाला पाय न हलवता तासन्‌तास उताणे पडून राहावे लागत नाही, हा त्याचाच फायदा आहे.

मनगटाची नाडी लागत नसेल किंवा हृदयाला आधार देणारा पंप बसवायचा असेल, तर डॉक्टर जांघ निवडतील आणि ते योग्यच असेल. नातेवाइकांनी त्या घाईत इतके आवर्जून सांगावे: डायलिसिससाठी कोणत्या हाताला फिस्टुला (धमनी आणि शीर यांची जोडणी) केला आहे का, आणि पूर्वीच्या बायपाससाठी कोणत्या हाताची धमनी काढली होती का.