घट्ट पीळ, लांब नळी, चकचकीत बोर: ठासणीच्या रायफलीसाठी दिला जाणारा चुकीचा सल्ला

ठासणीची रायफल बांधायला घेतली की एक सल्ला हमखास मिळतो: "पीळ जितका घट्ट तितका नेम चांगला, नळी जितकी लांब तितका वेग जास्त, आणि आतून आरशासारखी चमकते तीच नळी उत्तम. पोलादाचं मनावर घेऊ नका, काळ्या दारूचा दाब कमीच असतो." या भरवशावर नळी घेतली तर पैसे तर वाया जातीलच, शेवटच्या मुद्द्यापायी जीवही धोक्यात येईल.

आधी पीळ, म्हणजे गोळीला फिरकी देण्यासाठी नळीच्या आत कोरलेल्या खाचांचा वळसा. एक फेरा जितक्या कमी इंचांत पुरा होतो, तितका पीळ घट्ट. चिंधीत बसवलेल्या शिशाच्या गोल गोळीची लांबी आणि व्यास एकच असतो, म्हणून तिला स्थिर राहायला फिरकी थोडीच लागते. इंग्रज गणिती ग्रीनहिलचं १८७९चं ढोबळ सूत्र (१५० गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले लांबी) ०.४९० इंची गोळीला लावलं, तर सुमारे ७३ इंचांत एक फेरा येतो. व्यवहारात ०.५० इंची बोरसाठी (बोर म्हणजे नळीच्या आतलं भोक) ६० ते ७२ इंचांचा पीळ घेतात. २० ते ३२ इंचांचा पीळ लांबट गोळ्यांसाठी असतो. त्यात गोल गोळीमागे दारू वाढवली की चिंधीची पकड सुटते, गोळी खाचांवरून घसरत जाते आणि नेम विस्कटतो. ४८ इंच ही दोन्हींमधली तडजोड आहे.

पिळाइतकीच खाचांची खोलीही विचारा, ती फार कमी जण विचारतात. गोल गोळीसाठी ०.०१० ते ०.०१६ इंच खोली हवी, म्हणजे ०.०१५ इंच जाडीची चिंधी दाबून त्यात भरते आणि काजळीलाही जागा उरते. लांबट गोळीच्या नळीत खाचा याहून बऱ्याच उथळ असतात.

लांबीने वेग थोडा वाढतो, पण ठराविक लांबीनंतर ती वाढ नगण्य होते. लांब नळीचा खरा फायदा म्हणजे पुढच्या-मागच्या माशीतलं अंतर वाढतं. पण सरळ अष्टकोनी लांब नळी तोंडाकडे जड पडते. ती लांबी हवीच असेल तर मागे जाड, पुढे निमुळती होत जाऊन तोंडाशी किंचित फुगणारी नळी घ्या.

आता चकाकी. पॉलिशमुळे बोर सगळीकडे एकसारखा आहे की नाही हे कळत नाही. ब्रीच प्लग (नळीचं मागचं टोक बंद करणारं आट्यांचं बूच) काढलेल्या मोकळ्या नळीत बोरपेक्षा किंचित मोठी, मऊ शुद्ध शिशाची गोळी तेल लावून लाकडी हातोडीने बसवा आणि गजाने सावकाश ढकला. हाताला जोर सारखा लागला पाहिजे. मध्येच सैल वाटलं तर ती नळी सोडा. तोंडाकडे किंचित आवळ चालेल, सैल मात्र नको. बाहेर आलेली गोळी मायक्रोमीटरने मोजताना सात खाचांच्या नळीत फसगत होते, कारण खाचेसमोर खाच नसून दोन खाचांमधला उंचवटा असतो. तोंडाची कडाही बोटाने तपासा. धारदार असेल तर गोळी ठासतानाच चिंधी कापली जाते. झाडल्यानंतर चिंध्या गोळा करून पाहा. उंचवट्यांच्या जागी सरळ चिरा दिसल्या तर धार मोडावी लागेल.

राहिला दाब. तो कमी आहे म्हणून कोणतीही नळी चालते हे साफ चूक. १२एल१४ हे शिसं मिसळलेलं पोलाद कापायला सोपं, म्हणून नळ्यांसाठी लोकप्रिय आहे. पण थंड ओढलेल्या रूपात त्यात अंतर्गत ताण राहतो आणि आघात सोसण्याची ताकद कमी असते. म्हणून पोलादाचा प्रकार आणि ताण घालवलाय का, दोन्ही विचारा. प्रूफचा शिक्का (जास्त दाबाने नळीची चाचणी झाल्याची खूण) असेल तर उत्तम, पण तो ताकदीचा पुरावा आहे, अचूकतेचा नव्हे. धूररहित दारू अशा नळीत कधीच भरू नये.

ब्रीच प्लगच्या तोंडाला निळा रंग लावून तो आवळा, परत काढा. बोरच्या खांद्यावर (आत प्लग टेकतो त्या कडेवर) रंगाचं पूर्ण वर्तुळ उमटलं नसेल तर तिथे फट आहे. त्या फटीत काजळी आणि ओल साचून गंज धरतो, विझायचा राहिलेला निखाराही तिथेच अडकून पुढच्या भरणीला पेटवू शकतो. चकमकीच्या रायफलीत रंजकाचं भोक (ज्यातून आग आतल्या दारूपर्यंत पोचते ते) प्लगच्या तोंडापुढे असावं. ते प्लगच्या आट्यांतून पाडलेलं दिसलं तर ती नळी परत करा.