‘तीन पाय दिसले की बसवा’ म्हणणाऱ्यांसाठी

परवा ताईने अमळनेरहून इलेक्ट्रॉनिक्सच्या पार्टांबद्दल एक फॉरवर्ड पाठवला. ‘पार्ट मिळत नाही? घाबरू नका!’ खाली पाच मुद्दे, शेवटी हात जोडलेले. भाच्याने तो वाचून कामही उरकलं होतं, म्हणून डोकं फिरलं.

पहिला मुद्दा: ‘तीन पायांचा काळा ट्रान्झिस्टर कुठलाही चालतो, आकार बघा आणि बसवा.’

भाचा नववीत आहे. गच्चीवरच्या टाकीसाठी अलार्म करत होता. नऊ व्होल्टची बॅटरी, एक बझर, एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर. पाणी वरच्या तारेला टेकलं की बेसला (मधल्या पायाला) किंचित करंट मिळतो, ट्रान्झिस्टर चालू होतो, बझर वाजतो. ५४७ हाताशी नव्हता, म्हणून पठ्ठ्याने जुन्या बोर्डातला पीएन २२२२ए उपटून लावला. संध्याकाळी फोन आला, “मामा, टाकी वाही ऱ्हायनी!” मागे बझर वाजायचं सोडून कुंथत होता.

आता गंमत बघा. दोन्ही एनपीएन, म्हणजे एकाच जातीचे, आणि २२२२ तर ५४७ पेक्षा कितीतरी जास्त करंट झेलतो. अडलं ते पायांवर. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर ५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. पीएन २२२२ए चे एमिटर, बेस, कलेक्टर. उलटा बसलेला ट्रान्झिस्टर लगेच मरतोच असं नाही, पण त्याचा गेन, म्हणजे करंट वाढवायची ताकद, पार ढासळतो. त्याहून कहर म्हणजे पी२एन२२२२ए नावाचा भाऊबंद. नावात एक आकडा जास्त आणि पाय थेट ५४७ सारखे! ७८०५ आणि एलएम ३१७ हे व्होल्टेज स्थिर ठेवणारे दोन पार्ट शेजारी ठेवा, अंगाने जुळे. पण ७८०५ चा पहिला पाय इनपुट, ३१७ चा ॲडजस्ट. म्हणे आकार बघा! कंपनीची डेटाशीट, म्हणजे पार्टचं माहितीपत्रक, फुकट मिळते, पायांचं चित्र तिच्यात असतं. दोन मिनिटं लागतात.

‘४००७ डायोड सगळीकडे चालतो.’ ४००१ च्या जागी चालतो, कबूल. तोही एक अँपिअरचा, वर १००० व्होल्ट झेलणारा. पण मोबाइल चार्जरच्या आत सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणाऱ्या जागी हा मंद गडी तापून मरतो.

‘कपॅसिटर मोठा तेवढा चांगला.’ अर्धं खरं. १६ व्होल्टच्या जागी २५ चा घाला, मावला तर काही बिघडत नाही. पण ५५५ या टायमर चिपच्या सर्किटमध्ये १०० के (किलोओहम) रेझिस्टरसोबत १०० मायक्रोफॅरॅड असेल तर ११ सेकंद मिळतात. ४७० घातला की जवळपास ५२. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. गच्चीवरच्या बंद डब्यात ८५ डिग्रीपर्यंत टिकणारा कपॅसिटर घालण्यापेक्षा १०५ वाला घ्या. हे फॉरवर्डवाल्याला सुचलं नाही.

रेझिस्टरचं सोडून देतो, तिथे त्याने थोडं बरं लिहिलंय.

खरा संताप पाचव्या मुद्द्याचा. ‘मेनवरचा पिवळा चौकोनी कपॅसिटर गेला तर ४०० व्होल्टचा साधा लावा, फ्यूज नसेल तर तांब्याची तार गुंडाळा.’ हे लिहिणाऱ्याच्या घरात लहान मूल नसावं. २३० व्होल्टचं शिखरच ३२५ ला जातं, म्हणून ४०० पुरेसा वाटतो. पण तो आकडा डीसीचा. शेजारच्या मळ्यातली मोटर बंद होताना लाइनवर जो झटका येतो तो कोण झेलणार? त्या पिवळ्या डबीवर ‘एक्स-टू’ हा मेनवरच्या कपॅसिटरचा सुरक्षा वर्ग उगाच छापलेला नसतो. आयईसी ६०३८४-१४ या मानकाप्रमाणे एक मायक्रोफॅरॅडपर्यंतच्या एक्स-टू ला २,५०० व्होल्टचा झटका देऊन तपासतात. साधा कपॅसिटर फुटून शॉर्ट झाला तर फेज आणि न्यूट्रल थेट भिडतात. अशा वेळी तुटायचं काम फ्यूजचं, आणि तिथे तर यांनी तार गुंडाळून ठेवलेली! दुधाची तहान ताकावर भागवतात हो, चुन्याच्या निवळीवर नाही. एक्स-टू मिळेना तर बोर्ड आठ दिवस बंद पडू द्या.

भाच्याला फोनवरच सांगितलं, नवा पार्ट नको, तोच ट्रान्झिस्टर सोडव आणि अर्धा फिरवून लाव. बेस मधलाच, बाकी दोघांची अदलाबदल. पाच मिनिटांनी बझर असा किंचाळला की स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, “बंद कर रे ते!”