ताप आपणच आणतो का? परभणीच्या सरांना उत्तर

सर, नमस्कार. डेंग्यूच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की साध्या पेशीला विषाणू कळतो हे थोतांड आहे, लढणं पांढऱ्या पेशींचं काम. ताप शरीरच आणतं तर प्रतिकारशक्ती वाढवायची कशाला, असंही विचारलंत. आणि वर म्हणालात, पेशींचं पुराण सोडा, डासांचं बोला.

पहिलं मान्य नाही. तांबड्या पेशी सोडल्या तर शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत ही सोय आहे. विषाणू कोणता हे तिला ठाऊक नसतं, फक्त आरएनए, म्हणजे जनुकांचा निरोप वाहणारा रेणू, परका वाटतो. आपल्या संदेशवाहक आरएनएच्या टोकावर एक रासायनिक टोपी असते. विषाणूचा ताजा आरएनए बनताना ते टोक उघडं असतं, तीन फॉस्फेटांसकट. रिग-आय नावाचं प्रथिन नेमकं तेच पकडतं, मोंढ्याच्या गेटवर बिनपावतीची गाडी अडवावी तसं. मग काही तासांत पेशी इंटरफेरॉन नावाचा इशाऱ्याचा पदार्थ सोडते आणि शेजारच्या पेशी सावध होतात. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान या शास्त्रज्ञांना हा पदार्थ सापडला तो कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याच्या तुकड्यांवर काम करताना, रक्तात नव्हे.

सावध झालेली पेशी प्रथिनं बनवणं थांबवते, आरएनए कापत सुटते, त्यात स्वतःचाही कापला जातो. फुकट काही नाही. हेपॅटायटिस सीच्या रुग्णांना पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. फ्लू नसतानाही फ्लूसारखा ताप यायचा, अंग मोडून यायचं. म्हणजे ताप आपलंच शरीर आणतं. म्हणून 'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणणाऱ्यांशी माझंही जमत नाही. काढा प्या की, घसा शेकतो.

डेंग्यूचा विषाणू तर इंटरफेरॉनच्या या निरोपावरच घाव घालतो. त्याचं एनएस५ प्रथिन माणसाच्या पेशीत हा निरोप आत पोचवणारं स्टॅट२ नावाचं प्रथिन नष्ट करवतं, मग इंटरफेरॉन येऊनही पेशीला पत्ता लागत नाही. उंदराच्या स्टॅट२वर त्याची मात्रा चालत नाही. त्यामुळे प्रयोगासाठी बहुतेकदा इंटरफेरॉनचा ग्राहकच, म्हणजे त्याला पकडणारं पेशीवरचं प्रथिनच, काढून टाकलेले उंदीर वापरावे लागतात.

तापाला पॅरासिटामॉल चालतं, तेही डॉक्टरांना विचारून. डेंग्यूची शंका असली तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आता डास. आपल्याकडे नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं, म्हणून दारोदार बॅरल. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, आतल्या भिंतीला अंडी चिकटवते. ती कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही, सर. आठवड्यातून एकदा आतून घासायचं आणि वर घट्ट झाकण.