आरशापुढे उभं कुणी राहायचं?

उत्सव-समितीच्या ग्रुपवरून फिरत फिरत तो मेसेज डिचोलीकडच्या माझ्या मावसबहिणीपर्यंत पोचला, म्हणून लिहितेय. एरवी असले मेसेज मी न वाचताच पुसते. मजकूर असा: नवऱ्याने हात उचलला तरी दुःख होतं ते आपल्या नकारात्मक विचारांमुळे. रोज सकाळी आरशापुढे ‘मी सुखी आहे’ म्हणा, २१ दिवसांत डिप्रेशन जातं, नवराही निवळतो. तक्रार करू नका, घर मोडतं. आणि आपल्या गोव्यात असले प्रकार नसतातच!

परवा तिच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर पाहिलं. दुधाच्या हिशेबाशेजारी नऊ दिवस बरोबरच्या खुणा. दहाव्या चौकोनात नुसतं ‘दूध १’. “त्या दिवशी मनापासून म्हटलं नसणार गो ताई,” म्हणाली. भर मे महिन्यात लांब बाह्यांचा ब्लाउज घालून. म्हणजे मारही तिनेच खायचा आणि नापासही तिनेच व्हायचं. या मेसेजमधलं विष ते हेच.

मन कशाने सावरतं हे बघायला लांब जायला नको. गोव्यातल्याच १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ संस्थेने तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर प्रयोग केला. निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. डॉक्टर नव्हे, शिकवून तयार केलेली साधी माणसं सहा ते आठ वेळा भेटून बोलायची. जप नाही. सुटलेलं काम परत धरायचं, माणसांत जायचं, अडचणीतून वाट काढायची. नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा यांचं नैराश्य जास्त उतरलं, आत्महत्येचे विचार कमी झाले, बायकांनी सांगितलेली नवऱ्याची मारहाणही कमी दिसली. (प्रयोग नैराश्यावरचा होता, नवरे सुधारण्याचा नव्हे. यातून कुणी नवा मेसेज बनवू नये.)

घर मोडतं म्हणे! २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा बाईला त्याच घरात राहायचा हक्क देतो. घटस्फोटाची अट नाही. शिव्या-टोमणेही त्यात येतात.

नवऱ्याच्या मारहाणीचा गोव्याचा आकडा देशापेक्षा बराच कमी, हे मान्य. पण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या मारहाण सोसलेल्या ७७ टक्के बायकांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. माझ्या बहिणीनेही नाही, परवापर्यंत.

आशा लागते, तेवढं खरं. आता तिने १८१ हा हेल्पलाइनचा नंबर पाठ केलाय. सेव्ह केला नाही, फोन नवरा तपासतो.

मेसेज पाठवणाऱ्या काकींना हेच मुद्दे, बहिणीचा विषय न काढता, पाठवले. जोडलेले हात आले. पाठोपाठ सुप्रभात.