लिटल आर्मेनिया: 'शंभर वर्षांची अभेद्य वस्ती' हा दावा टिकत नाही

लॉस एंजेलिसच्या 'लिटल आर्मेनिया'विषयी एक मजकूर बराच फिरतो आहे. आशय असा: ऑटोमन तुर्कस्तानात १९१५ मध्ये सुरू झालेल्या आर्मेनियनांच्या नरसंहारातून वाचलेल्या आर्मेनियन लोकांनी ही वस्ती वसवली, आजही तिथे तेच राहतात, एक भाषा आणि एक चर्च यांच्या बळावर त्यांची एकी टिकून आहे आणि शंभर वर्षांत ते अमेरिकेत मिसळले नाहीत. सूर कौतुकाचा असल्यामुळे तपासायच्या भानगडीत कुणी पडत नाही. पण ज्यांचा इतिहास नाकारण्याचे उद्योग शतकभर चालले आहेत, त्यांच्याविषयी कौतुकानेही खोटं सांगू नये, असं मला मनापासून वाटतं.

आधी सोपा मुद्दा. तिथे फक्त आर्मेनियन राहतात, हे चूक आहे. हा भाग ईस्ट हॉलिवूडमध्ये येतो. शहराच्या कौन्सिलने त्याला 'लिटल आर्मेनिया' हे नाव दिलं ६ ऑक्टोबर २००० रोजी. १९९९ मध्ये याच परिसराला लागून, काही ठिकाणी त्यातच मिसळून, 'थाई टाउन' जाहीर झालं होतं. ईस्ट हॉलिवूडमध्ये सर्वांत मोठा समाज मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या लॅटिनो लोकांचा आहे. आर्मेनियन चर्च, शाळा, बेकऱ्या तिथे आहेतच. पण शेजार सगळ्यांचा आहे.

आता १९१५. इथे मजकुराची सर्वांत मोठी गफलत आहे.

कॅलिफोर्नियात आर्मेनियन माणसं १८८० च्या दशकापासून येत होती, आणि ती मुख्यतः गेली फ्रेस्नोकडे, द्राक्षमळे आणि मनुक्यांच्या धंद्यात. नरसंहारानंतर काही वाचलेले अमेरिकेत पोहोचले, पण १९२४ च्या स्थलांतर कायद्याने दार जवळजवळ बंदच केलं. बाकीच्या असंख्य लोकांनी सिरियातलं अलेप्पो, लेबनॉनमधलं बैरुत अशा शहरांत नव्याने संसार मांडले. अमेरिकेचं दार पुन्हा उघडलं १९६५ च्या कायद्याने. त्यानंतर १९७५ मध्ये लेबनॉनचं यादवी युद्ध पेटलं, १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, सोव्हिएत आर्मेनियातूनही लोक बाहेर पडू लागले. डिसेंबर १९८८ च्या भूकंपाने आणि पुढे सोव्हिएत संघाच्या पतनाने ही रांग आणखी वाढली. ईस्ट हॉलिवूडची आर्मेनियन वस्ती मुख्यत्वे या माणसांनी भरली.

झांकू चिकन या एका आर्मेनियन कुटुंबाच्या खानावळीचंच बघा. त्याचं पहिलं दुकान १९६२ मध्ये बैरुतजवळच्या बुर्ज हम्मूदमध्ये निघालं, म्हणजे नरसंहारातून वाचलेल्यांनीच वसवलेल्या गावात. युद्धामुळे ते कुटुंब तिथूनही उठलं आणि १९८० च्या दशकात ईस्ट हॉलिवूडमधल्या सनसेट आणि नॉर्मंडी या रस्त्यांच्या कोपऱ्यावर त्यांनी नवं दुकान थाटलं. आजोबा एका देशातून उखडले गेले, मुलं-नातवंडं दुसऱ्या. 'नरसंहारातून थेट हॉलिवूड' असं लिहिलं की हे दुसरं विस्थापनच पुसलं जातं.

एक भाषा, एक चर्च? बैरुत-अलेप्पोची मंडळी पश्चिम आर्मेनियन बोलतात, आर्मेनियाची राजधानी येरेवान आणि इराणमधलं तेहरान इथली पूर्व आर्मेनियन. पाचव्या शतकापासूनची लिपी सर्वांची एकच, पण सोव्हिएत काळात बदललेलं शुद्धलेखन बाहेरच्यांनी स्वीकारलं नाही. त्यामुळे इराणहून आलेला माणूस बोलतो पूर्वेची भाषा आणि लिहितो जुन्या वळणाने. अपोस्टोलिक चर्च, म्हणजे बहुसंख्य आर्मेनियनांचं चर्च, त्याचीही आर्मेनियात एचमियाद्झिन आणि लेबनॉनमध्ये अँटेलियास अशी दोन पीठं आहेत. शिवाय कॅथलिक आणि प्रोटेस्टंट आर्मेनियन निराळे. सोव्हिएत आर्मेनियाला मानायचं की नाही, या वादात २४ डिसेंबर १९३३ रोजी न्यूयॉर्कच्या चर्चमध्ये आर्चबिशप लेव्हॉन तुरियन यांची भर प्रार्थनेच्या वेळी हत्या झाली. त्या फुटीतून अमेरिकेत समांतर चर्च उभी राहिली, ती आजही आहेत. इतकं असूनही एप्रिल २०१५ मध्ये, नरसंहाराच्या शताब्दीला, लिटल आर्मेनियातून तुर्की वाणिज्य वकिलातीकडे लाखाहून अधिक लोक चालत गेले. मतभेद सांगितल्याशिवाय त्या दिवसाचं मोल कळत नाही.

राहिला 'मिसळले नाहीत' हा आरोपवजा गौरव. मिसळायला मनाई कुणी केली होती? फ्रेस्नोत काही वस्त्यांमधल्या खरेदीखतांतच आर्मेनियन लोकांना घर विकू नये अशी अट असे. १९२० च्या दशकात सरकारने पोर्टलंडच्या तातोस कार्तोझियन या गालिच्यांच्या व्यापाऱ्याचं नागरिकत्व काढून घेण्यासाठी खटला भरला, कारण नागरिकत्व मिळायला 'गोरा' ठरावं लागे. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी साक्ष दिली आणि १९२५ मध्ये आर्मेनियन जिंकले. त्याआधी दोनच वर्षं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतातून तिथे गेलेल्या भगतसिंग थिंड यांना, म्हणजे पर्यायाने सगळ्या भारतीयांना, नागरिकत्वाची दारं बंद केली होती. थिंड यांचे एक वकील सखाराम गणेश पंडित लॉस एंजेलिसचेच. त्यांचंही नागरिकत्व काढायचा प्रयत्न झाला, पण तो खटला ते जिंकले.

आणि मिसळणं तर झालंच. आर्मेनियन आई-बापांचे चिरंजीव जॉर्ज ड्युकमेजियन १९८३ ते १९९१ कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होते. पॉल क्रेकोरियन २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या कौन्सिलचे अध्यक्ष झाले. ईस्ट हॉलिवूडमध्ये भाड्याने राहिलेली कितीतरी कुटुंबं हातात चार पैसे आल्यावर ग्लेंडेल, बरबँक, नॉर्थ हॉलिवूडकडे सरकली. ग्लेंडेल हे सुमारे दोन लाख वस्तीचं स्वतंत्र शहर आहे, लॉस एंजेलिसचा भाग नाही, आणि आर्मेनियन लोकांचं खरं मोठं केंद्र आज तेच आहे. फिरणाऱ्या मजकुरात त्याचं नावही नाही.