खुलासा: ‘रिबिल्ट टायटल’ म्हणजे सुरक्षिततेचा दाखला नव्हे

‘रिबिल्ट टायटलची गाडी सरकारी तपासणीतून गेलेली असते, बिनधास्त घ्या’ हा अमेरिकेत जुनी गाडी शोधणाऱ्यांना मिळणारा सल्ला अर्धवट आहे. अपघात, पूर वगैरेंत मोठं नुकसान होऊन बाद ठरलेली गाडी दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणली, की तिच्या मालकीच्या कागदावर ‘रिबिल्ट’ असा शिक्का पडतो.

बहुतेक राज्यांत ही तपासणी मुख्यतः चोरीचे सुटे भाग पकडण्यासाठी असते: व्हिन (गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आणि पावत्या जुळवल्या जातात. काही राज्यं ब्रेक, दिवेही बघतात. चासी (गाडीचा मूळ सांगाडा) सरळ आहे का, हे मोजलं जातंच असं नाही. ते वेगळे पैसे देऊन स्वतंत्र बॉडी शॉपमध्ये मोजून घ्या.

खरी गोम एअरबॅगमध्ये. इंजिन सुरू करताना डॅशबोर्डवरचा एसआरएसचा, म्हणजे एअरबॅग यंत्रणेचा, दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. लागलाच नाही, तर काहीतरी लपवलेलं असू शकतं. पण नुसत्या दिव्यावरही विसंबू नका. फुटलेल्या बॅगेच्या जागी रेझिस्टर (विजेला अडथळा देणारा छोटा भाग) लावला, की यंत्रणेला बॅग जागेवर आहे असं वाटतं आणि दिवा शहाण्यासारखा विझतो! अस्सल एअरबॅगची पावती मागाच.

पुरातली गाडी कितीही स्वस्त असो, नकोच. कनेक्टरमधला गंज काही महिन्यांनी डोकं वर काढतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, पुराची गाडी असेल तर चिखलाची रेघ दिसू शकते. गारपिटीने नुसता पत्रा चेपलेली गाडी मात्र घेण्याजोगी.

सौद्याआधी विमा कंपनीला विचारा. काही कंपन्या अशा गाडीला फक्त लायबिलिटी कव्हर (दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई, आपल्या गाडीची नाही) देतात.