खिडकीतलं ऊन पुरत नाही: बिअर्डेड ड्रॅगनच्या पिल्लाबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस सिडनीतल्या आपल्या मराठी पालकांमध्ये बिअर्डेड ड्रॅगन या ऑस्ट्रेलियन सरड्याबद्दल एक मेसेज फिरतोय. मला तो चार वेगवेगळ्या घरांतून आला. मजकूर थोडक्यात असा: 'मुलांना कुत्रा-मांजर देता येत नसेल तर बिअर्डेड ड्रॅगनचं पिल्लू आणा. वाळवंटातला प्राणी आहे, काटक असतो. खिडकीतलं ऊन त्याला पुरतं, यूव्ही दिवा दुकानदार उगाच गळ्यात मारतात. रात्री उबेसाठी लाल दिवा लावा. दिवसातून एकदा चार-पाच मीलवर्म (किड्याच्या अळ्या) आणि थोडा पालक घातला की झालं, कॅल्शियम पालकातून मिळतंच.'

आमच्या घरी हा प्राणी चार वर्षं आहे. मेसेज पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण त्याप्रमाणे वाढवलेलं पिल्लू अपंग होतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

'काटक असतो' हे मोठ्या झालेल्या सरड्याबद्दल ठीक आहे. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागात कुंपणाच्या खांबावर ऊन खात बसलेला तो दिसतो, आणि तिथली थंड रात्रही सहन करतो. पिल्लाची गोष्ट निराळी. अंड्यातून बाहेर येतं तेव्हा ते शेपटीसकट जेमतेम 10 सेंटीमीटर असतं आणि वजन 2-3 ग्रॅम. तिथून साधारण वर्ष-दीड वर्षात त्याला दीड-दोन फुटांचं व्हायचं असतं. एवढा सांगाडा एवढ्या कमी दिवसांत उभा राहतो. त्यात जी कमतरता राहते ती नंतर भरून निघत नाही.

आता खिडकी. या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच आहे. सूर्यप्रकाशातले यूव्हीबी किरण, साधारण 290 ते 315 नॅनोमीटरचे, कातडीवर पडले की शरीरात ड-3 जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते असेल तरच आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जातं. खिडकीची काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. उजेड आत येतो, ऊब आत येते, पिल्लू डोळे मिटून छान पसरतं आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. मग ड-3 ची पावडर घातली तर? 2010 साली याच जातीच्या पिल्लांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर यूव्हीबी दिव्याखाली वाढलेल्या पिल्लांच्या रक्तातली ड-3 ची साठवण पातळी, नुसतं तोंडाने ड-3 दिलेल्या पिल्लांपेक्षा जवळजवळ 18 पट होती. पावडर लागते, पण दिव्याची जागा ती घेत नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या ओळखीतल्या एका वहिनींनी त्यांचं पाच महिन्यांचं पिल्लू माझ्याकडे आणलं. 'हल्ली किडा पकडायला जातं आणि तोंडातून सुटतो,' म्हणाल्या. मी ते तळहातावर घेतलं. मागच्या पायांची बोटं थरथरत होती, थंडीने कुडकुडल्यासारखी नाही, तर आपली पापणी फडफडते तशी, थांबून थांबून. खालचा जबडा बोटाने हलकेच दाबला तर ओल्या पुठ्ठ्यासारखा दबला. डॉक्टरांनी काढलेल्या एक्स-रेमध्ये हाडं इतकी फिकट होती की मला ती शोधावी लागली. दुकानात त्यांना सांगितलं होतं की घरात ऊन येत असेल तर एक साधा दिवा बस आहे.

दिवा कुठला, हे म्हणूनच नीट सांगते. लांब, बारीक टी-5 ट्यूब घ्या, 10 ते 12 टक्के यूव्हीबीची, पिल्लाच्या पेटीच्या निम्म्याहून जास्त लांबी व्यापणारी. छोट्या गुंडाळीच्या बल्बचा झोत एका ठिपक्यापुरता असतो. ट्यूब जाळीच्या वर ठेवली तर जाळीच बरेचसे किरण खाते, म्हणून शक्यतो आत बसवा आणि कंपनीने दिलेलं अंतर फुटपट्टीने मोजा. ट्यूब दिसायला वर्षानुवर्षं पेटते, पण यूव्हीबी आधीच ओसरतं, त्यामुळे साधारण वर्षाने बदलायची. मी ट्यूबच्या टोकाला तारीख लिहून ठेवते.

यूव्हीबीखेरीज ऊब देणारा वेगळा, भरपूर उजेडाचा दिवा लागतो. त्याखालच्या दगडाचा पृष्ठभाग पिल्लासाठी 40 ते 42 अंश, दुसरं टोक 25 ते 28. ही ऊब नसेल तर खाल्लेलं पचत नाही, पोटातच पडून राहतं. पेटीला चिकटवलेल्या गोल थर्मामीटरवर भरवसा ठेवू नका, लांबून तापमान मोजणारी गन घ्या. दोन्ही दिवे दिवसाला 12 ते 14 तास.

खरं ऊन द्यायचं असेल तर जरूर द्या, सिडनीत त्याची कमी नाही. पण बाहेर, जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून आणि स्वतः शेजारी बसून. काचेची पेटी उन्हात ठेवली की काही मिनिटांत भट्टी होते.

लाल दिव्याबद्दल लांबण लावत नाही. या सरड्यांना लाल रंग दिसतो, शिवाय डोक्यावर उजेड टिपणारा तिसरा डोळा असतो. रात्री त्यांना मिट्ट अंधार हवा. खोलीत 18 अंशांपर्यंत उतरलं तरी चालतं. त्याहून खाली जात असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, थर्मोस्टॅट लावून.

खाण्याच्या बाबतीत मेसेज पुरता उलटा आहे. पिल्लाला दिवसातून दोन-तीनदा किडे लागतात, आणि दर वेळी दहा-पंधरा मिनिटांत ते खाईल तितके. चार-पाच मीलवर्मवर ते उपाशी राहतं. मीलवर्ममध्ये कॅल्शियम अगदी कमी आणि फॉस्फरस कितीतरी जास्त, कवचही जड. मुख्य खाणं म्हणजे छोटे रातकिडे, किंवा इथे 'वुडी' नावाने मिळणारी झुरळं. (परदेशी व्हिडिओत दिसणारी 'दुबिया' झुरळं ऑस्ट्रेलियात ठेवायला परवानगी नाही, शोधत बसू नका.) काळ्या सोल्जर माशीच्या अळ्या कॅल्शियमसाठी उत्तम. किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. माझा मुलगा किडे आधी डब्यात गाजर आणि हिरवा पाला घालून दिवसभर खाऊ घालतो, मग कॅल्शियमच्या पावडरीत हलवतो. भजी घोळवल्यासारखे पांढरे झालेले रातकिडे आत सोडले की पिल्लू आधी मान तिरकी करून बघतं, मग चिकट जिभेने टिपतं. आठवड्यातून दोनदा कॅल्शियमऐवजी मल्टिव्हिटॅमिन, त्याहून जास्त नको, कारण अ आणि ड जीवनसत्त्व साठून विष होतं.

आणि पालक! आपल्या घरात तो असतोच, म्हणून हा सल्ला पटकन पटतो. पण पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं आणि ते तसंच बाहेर जातं. माठ आणि चुक्याचंही तेच. त्याऐवजी बोक चॉय, एंडाइव्ह, डँडेलियनची पानं बारीक चिरून, वर लाल भोपळ्याचा कीस. पिल्लू सुरुवातीला पाल्याकडे ढुंकून बघत नाही, तरी रोज सकाळी ठेवायचा. मोठेपणी तेच त्याचं मुख्य जेवण होणार असतं.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच: न्यू साउथ वेल्समध्ये हा प्राणी पाळायला परवाना लागतो, आणि रानातून उचलून आणता येत नाही.

ज्यांनी हा मेसेज वाचून पिल्लू आधीच आणलं आहे त्यांनी त्याची बोटं आज शांतपणे पाहा. थरथर, मऊ जबडा, पोट जमिनीला घासत चालणं, यातलं काहीही दिसलं तर सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या डॉक्टरांकडे लगेच न्या, नुसती पावडर वाढवून वाट बघू नका. वहिनींचं पिल्लू वाचलं. ट्यूब आणि औषध सुरू झाल्यावर थरथर काही आठवड्यांत थांबली. जबडा मात्र वाकडाच राहिला, आणि त्या अजून त्याला रातकिडे चिमट्याने भरवतात.